कुलकुलचा डबा

कुलकुल करायला नवा कंगवा लागतो. आंटी दर डिसेंबरात नाताळच्या फराळासाठी स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्याकडून जाड दातांचा एक कंगवा आणतात, उकळत्या पाण्यातून काढतात आणि माझ्या हातात देतात. मैद्यात नारळाचं दूध, अंडं, थोडी साखर. शेंगदाण्याएवढी गोळी कंगव्यावर अंगठ्यानं दाबायची आणि तशीच गुंडाळत आणायची, म्हणजे शिंपल्यासारखी वळी होते आणि अंगावर रेघा उठतात. मग तळून पाकात घोळवायचं. चवीला आपल्या शंकरपाळीची बहीणच. पहिल्या वर्षी माझी एकही वळी धड झाली नव्हती. आंटी म्हणाल्या होत्या, "हे काय गो, कुलकुल का अळ्या?" आता माझी त्यांच्यापेक्षा बरी होतात. त्यांचा अंगठा संधिवातानं वाकडा झालाय.

आंटींचं घर बोरिवलीच्या जुन्या गावठाणात आहे. चारी बाजूंनी टॉवर आणि मध्ये हे कौलारू बैठं घर, दारात क्रूस, मागं माडाचं एक झाड. इथे मी किती वर्षं आहे ते मोजत नाही. माझं आणि आंटींचं नातं काय, असं कोणी विचारलं की त्या सांगतात, "माझी पोर आहे." मी सांगते, "कामाला आहे." त्यांना ते आवडत नाही. पण पोर म्हणवून घ्यायची माझी हिंमत होत नाही. उद्या कोणी म्हणालं, बरं, पोर तर पोर, आता पोरीसारखं हक्कानं माग काही, तर मी काय मागणार?

मी हिंगोलीकडची. आठवीत शाळा सुटली. आई आजारी पडली, घरात करणारं दुसरं कोणी नव्हतं. ती गेली तेव्हा शाळेत परत जायचं वय राहिलं नव्हतं. मग गावातल्या चार बायांबरोबर ठेकेदाराच्या गाडीत बसून मुंबईला आले, बांधकामावर. विशी ओलांडली होती. तिथे एक फरशी बसवणारा होता. लग्न करू म्हणाला. त्याला दुसऱ्या साइटवर काम लागलं आणि त्याचा फोन लागेनासा झाला. त्यानंतर मला दिवस गेल्याचं कळलं.

साइटवरच्या एका बाईनं दवाखाना सांगितला. खाजगी, छोटा, एका डॉक्टरीणबाईंचा. "शनवारी सकाळी जा. रातीपासून काही खाऊ नको, पानी बी नको." का ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला वाटलं, उपास असेल.

दवाखान्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे, औषधाच्या दुकानाजवळ काही बायका गाणी म्हणत उभ्या होत्या. फ्रॉक घातलेल्या म्हाताऱ्या, दोघी-तिघी साडीतल्या. पुढ्यात एक लाकडी खोकं, त्यात सुकं गवत आणि त्यात काहीच नाही. मला वाटलं कसली तरी पूजा आहे. पूजेला पाठ दाखवून कसं जायचं म्हणून थांबले. तेवढ्यात एक फ्रॉकवाली म्हातारी जवळ आली आणि म्हणाली, "जेवलीस काय गो?"

गाव सोडल्यापासून हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. तिनं कुलकुलचा डबा उघडला. मी मूठभर खाल्लं, मग आणखी मूठभर. ती बघत राहिली, हसली नाही. नंतर रस्ता ओलांडून आत गेले, तर नर्सनं माझ्या तोंडाला लागलेली साखरच पाहिली. "काय खाल्लंस? सांगितलं होतं ना उपाशी यायला? आता गुंगी कशी देणार तुला, ओकलीस म्हणजे? सोमवारी ये. कळतं का काही तुम्हा लोकांना?"

ओरडा खाऊन बाहेर आले. म्हातारी अजून तिथेच होती. ती मला घरी घेऊन गेली, भात आणि बोंबलाची आमटी वाढली. सोमवारी मी गेले नाही.

त्या म्हणजे आंटी.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते लांबवलं की मला लिहिता येत नाही. आंटींनी ठेवून घेतलं. चर्चच्या सिस्टरांच्या दवाखान्यात मुलगा झाला. आंटींना वाटत होतं आम्ही दोघंही इथेच राहावं, पण त्यांच्या परदेशातल्या मुलानं फोनवर सांगितलं, मम्मी, पोरगी ठीक आहे, बाळ नको, तुझं वय बघ. गावी वडील होते. बाळाला घेऊन त्यांच्या दारात जायचं धाडस माझ्यात नव्हतं. संस्थेतून रीतसर मुलाला चांगल्या घरी दिलं. सिस्टर म्हणाल्या होत्या, दोन महिने विचार बदलायची मुभा असते. मी रोज विचार केला. रोज तोच निघाला.

तर दर डिसेंबरात, नाताळच्या आधीचे सगळे शनिवार, मी त्या बायकांबरोबर उभी राहते. सुरुवातीला आंटींचं ऋण म्हणून गेले. नंतर मला स्वतःलाच तसं वाटायला लागलं. पोटातलं मूल मूलच असतं, हे आंटी म्हणतात ते मी मानते. आजही मानते. ते आधी सांगून ठेवते, पुढचं वाचून कोणाचा गैरसमज नको.

आमची पद्धत साधी. डॉक्टरीणबाईंनी तक्रार केली तेव्हापासून गेटसमोर थांबत नाही, पलीकडेच थांबतो. ते खोकं म्हणजे गव्हाण, येशूबाळाची. दहिसरच्या तबेल्यातून गवत आणायचं, आणि नाताळपर्यंत ती रिकामी ठेवायची. आमच्या गावाकडे रिकामा पाळणा हलवतसुद्धा नाहीत, अशुभ मानतात. पहिल्या वर्षी मी गुपचूप माझी ओढणी घडी करून त्यात ठेवली होती. गाणी सांगणाऱ्या निवृत्त टीचर आहेत, त्यांनी ती काढून माझ्या हातात दिली. "रिकामीच हवी गं. बघणाऱ्याला कळायला नको, कोणाची तरी वाट बघतोय ते?"

आम्ही ओरडत नाही. कोणाला पापी म्हणत नाही. एकदा एक माणूस कापलेल्या बाळांचे मोठे फोटो घेऊन आला होता, आंटींनी त्याला हाकलून दिलं. पण म्हणून दवाखान्यात येणाऱ्या बायका आम्हाला सोडत नाहीत. एकजण दोन पोरींना हाताला धरून आली होती. टीचरनी काही बोलायला तोंड उघडलं, तर ती कडाडली, "ए म्हातारे, तू सांभाळणार? सांभाळणार का? धर, ह्या दोघींपासून सुरुवात कर!" आणि पोरी खरंच आमच्याकडे ढकलल्या. धाकटीनं गव्हाणीतलं गवत उपसायला घेतलं. आंटी म्हणाल्या, "ये गो घरी, बसून बोलू." बाई थुंकली आणि पोरींना ओढत आत गेली.

कधी कधी टीचर माझ्याकडे बोट दाखवतात. "हिला विचारा." मग मी सांगते. आंटींनी आधार दिला, मुलगा झाला, देवानं निभावलं. इथपर्यंत. पुढचं कोणी विचारत नाही आणि मी सांगत नाही.

आणि डबा माझ्या हातात असतो. जी थांबेल तिच्यापुढे उघडायचा.

दवाखान्याचा वॉचमन मालवणी. आमच्याशी त्याचं वैर नाही. डॉक्टरीणबाई वर गेल्या की रस्ता ओलांडून येतो. हे सांगतेय त्या वर्षी पहिल्याच शनिवारी आला. "इलास काय? आज खयचा गाणा?" मग माझ्या डब्यात हात घालून दोन कुलकुल उचलली. "बरे झालेत हां. तुमचो डबो उघडलो काय आमच्या डॉक्टरणीक सुट्टी!"

टीचर हसल्या. "एक जरी खाल्लं तरी आजचा दिवस टळतो. मग सोमवारपर्यंत देव बघतो."

"देव खयचो, साखर बघता," तो म्हणाला आणि बोटं चाटत गेला.

मीही हसले, सगळ्या हसत होत्या म्हणून. मग हातातल्या डब्याकडे पाहिलं. इतकी वर्षं मी समजत होते, आपण भुकेल्याला खायला देतोय.

आंटी हसल्या नव्हत्या. त्या गव्हाणीतलं गवत सारखं करत होत्या.

तो आठवडा मी कसा काढला मला ठाऊक. विचारावं वाटायचं. पोळ्या लाटताना, त्यांच्या पायाला तेल लावताना तोंडाशी यायचं, "आंटी, मला दिलंत तेव्हा तुम्हाला माहीत होतं?" पण ज्या घरात आपण बसतो, ज्या ताटात जेवतो, त्या माणसाला असं विचारायचं? आणि त्यांनी हो म्हटलं तर मी काय करणार? रागावणार? मुलगा आहे कुठेतरी. त्याला आता कोणीतरी भांग पाडून शाळेत पाठवत असेल. साखरेमुळे का होईना, आहे. मग मला इतकं कसलं टोचतंय, तेच कळेना.

पुढच्या शनिवारी ती आली.

माझ्याच तेव्हाच्या वयाची. नायलॉनची साडी, पायात पुरुषी चपला, टाचांवर सिमेंट वाळलेलं. रस्ता ओलांडायच्या आधी आमच्यापाशी थांबली आणि मला म्हणाली, "ताई, ह्या बाया कामून गानं म्हनायलेत?"

तो "कामून" आमच्या हिंगोलीकडचा. "कुठली गं तू?"

"बसमतच्या इकडली."

"मी सेनगावची."

तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "माय! सेनगावला माझी मावशी हाय." आणि मग तिचं लक्ष डब्याकडे गेलं. ते कसलं बघणं असतं ते मला कोणी सांगायला नको.

"कवापासून खाल्लं नाहीस?"

"कालच्या सांजेपासून. पानी बी नाय. तसंच या म्हनले."

मी मान वळवली. आंटी गात होत्या. त्यांनी मला पाहिलं, तिला पाहिलं आणि हनुवटीनं खूण केली, उघड.

मी झाकण काढलं. तिनं हात पुढे केला, आणि मी डब्यावर माझा हात आडवा ठेवला. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. ती हसली.

"ऐक," मी म्हणाले. इतक्या वर्षांत इथे माझी बोली गेली होती, ती कुठून तरी परत आली. "आत जायचं असंल तर हे खाऊ नको. खाल्लं की आज करत नाहीत, माघारी लावतात. अन् जायचं नसंल तर समदा डबा खा. त्या म्हाताऱ्या आंटीकडं चल. जेवू घालतील, ठिवून घेतील. खोटं नाही सांगत. मला ठिवलं."

तिचा हात तसाच राहिला. "तुमाला ठिवलं?"

"हो."

"मंग लेकरू झालं?"

"पोरगा झाला."

"कुठाय?"

"चांगल्या घरी दिला."

"कोन्या गावाला?"

"ते सांगत नाहीत."

तिनं माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "मंग तुमी बघतच नाय त्याला? कधीच?"

"नाही."

गाण्याचं कडवं संपलं, दुसरं सुरू झालं. मग ती म्हणाली, "माज्याच्यानं नाय व्हायचं ते. देनं नाय व्हायचं." आणि साडीच्या पदराशी चाळा करत, खाली बघून, "ठिवता बी येत नाय. एक हाय माझं गावाकडं, आईपाशी. मालक मरून दोन वर्सं झाली. हे कळलं तर आई त्या लेकराला घेऊन दारात उभी राहील अन् म्हनंल, घेऊन जा तुजं. मी त्याला कुठं घेऊन जाऊ? साइटवर?"

मला सांगायला हवं होतं की आंटी काहीतरी मार्ग काढतील. कदाचित काढलाही असता. पण "पोरगी ठीक आहे, बाळ नको" हे माझ्या कानात होतं, आणि हिच्याकडे तर दोन बाळं.

तिनं डब्यातून एक कुलकुल उचललं. "खात नाय. हातात ठिवते." मग म्हणाली, "ताई, आत संग येता का? मला लई भेव वाटायलंय. संग कोनी पायजे म्हनलेत."

आंटींचं गाणं थांबलं होतं. बाकीच्या गात होत्या, त्या थांबल्या होत्या. अंतर चार पावलांचं, सगळं ऐकू गेलं असणार. माझ्या अंगावरचे कपडे आंटींनी घेतलेले. लिहायला पुन्हा त्यांनी बसवलं, म्हणून हे लिहितेय. डोक्यावर छप्पर त्यांचं, आणि त्यातून बाहेर काढलं तर ह्या शहरात मी एक दिवस काढू शकणार नाही. हे सगळं मला त्या क्षणी एकदम दिसलं. तळहाताला घाम सुटला, डबा निसटायला लागला. म्हणून मी तो खाली ठेवला. समोर गव्हाण होती, तिच्यातच ठेवला, गवतावर. आणि तिचा हात धरून रस्ता ओलांडला.

गेटवर वॉचमन म्हणाला, "तू खय गे?" मी तिचा हात सोडला नाही. त्यानं गेट उघडलं.

आत काउंटरवर कागदी चांदणी टांगली होती, तशीच जशी आंटींच्या दारात असते. नर्स नवी होती, पण तिनं मला ओळखलं. "तुम्ही समोरच्या ना? इथे तमाशा नको हां."

"हिच्यासोबत आलेय."

"नातं?"

"गावची."

तिनं मुलीला विचारलं, "काही खाल्लंय?" मुलीनं मूठ उघडून दाखवली. साखर घामानं विरघळून तळव्याला चिकटली होती. "हे हाय. पर खाल्लं नाय." नर्सला हसावं की काय करावं कळेना. मुलीनं ते माझ्या हातात दिलं. "सांबाळा."

मी बाकावर बसले. तिच्या त्या पुरुषी चपला माझ्या पायाशी, कुलकुल माझ्या मुठीत. बाहेरून गाणी ऐकू येत होती. मला ती सगळी पाठ आहेत, ओठ आपोआप हलायचे आणि मी ते दाबून धरायची. आत जे होत होतं ते मला नको होतं. मी उठून सांगू शकले असते, थांबा. सांगितलं नाही. प्रार्थना करायचा प्रयत्न केला, पण कोणासाठी करायची तिथेच अडले. शेवटी फक्त एवढंच म्हणत राहिले की तिला दुखू नये.

दुपार झाली तेव्हा बाहेरचं गाणं केव्हाच संपलं होतं. ती भिंतीला धरून बाहेर आली. ओठ पांढरे. माझ्याजवळ बसली आणि हात पुढे केला. "द्या माजं."

मी दिलं. तिनं ते तोंडात टाकलं. चावलं नाही, नुसतं धरून ठेवलं. "गोड हाय," म्हणाली आणि मग रडायला लागली, तोंड बंद ठेवून, ते बाहेर पडू नये म्हणून.

रिक्षानं तिला दहिसरच्या साइटवर सोडलं. तिनं नाव विचारलं नाही, मीही नाही. महिनाभरानं तिकडे गेले तर झोपड्यांचे पत्रे काढलेले होते, माणसं दुसऱ्या कामावर गेलेली.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आंटी ओट्याशी उभ्या होत्या. गव्हाण आणून दिवाणखान्यात ठेवलेली. डबा धुऊन पालथा घातलेला. त्यांनी माझं ताट वाढलं. स्वतःचं नाही. मी दोन घास खाल्ले.

"तू सांगितलंस तिला," त्या म्हणाल्या.

"हो."

"खाल्लं असतं तर?"

"सोमवारी आली असती, आंटी."

"तू नाय आलीस सोमवारी."

खरंच होतं. त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. त्या रडून बसलेल्या होत्या, डोळे सुजलेले. कोणासाठी ते मला माहीत होतं. त्यांच्या लेखी त्या दिवशी एक मूल गेलं होतं, आणि माझ्याही लेखी गेलं होतं.

मग माझ्या तोंडून निघून गेलं. "तुम्हाला माहीत होतं? मला दिलंत तेव्हा?"

त्यांनी वाकड्या अंगठ्यानं ताटाच्या कडेला सांडलेलं एक शीत उचललं. "माहीत होतं."

ते शीत बोटांत तसंच धरून म्हणाल्या, "पण तू भुकेली होतीस गो. ते मी बघितलेलं. आधी तेच बघितलं का दुसरं, आता मला नाय सांगता येत."

दुसऱ्या दिवशी मी लवकर उठले, अंगण दोनदा झाडलं, माझी कपड्यांची पिशवी कुठे आहे तेही पाहून ठेवलं. आंटी चर्चहून आल्या, डोक्यावरचा रुमाल सोडला आणि म्हणाल्या, "मैदा भिजव. कुलकुल संपलेत."

"शनिवारला?" मी विचारलं.

"शनिवारला."

त्या शनिवारी डबा टीचरच्या हातात होता. मला कोणी काही म्हणालं नाही, फक्त आंटींनी गव्हाणीकडे बोट केलं. तेव्हापासून मी ती उचलते, आणते, नेते. टीचर आता माझ्याकडे बोट दाखवत नाहीत. हातात काही नसलं की कोण काय खातंय ते नीट दिसतं, म्हणून मी बहुतेक खालीच बघते.

नाताळच्या सकाळी दिवाणखान्यात गव्हाण मांडलेली, त्यात प्लास्टरचं बाळ. मी चहा घेऊन गेले तर आंटी गुडघ्यावर बसून बाळाच्या अंगावरून काहीतरी झटकत होत्या. मुंग्या. गवतात खालपर्यंत मुंग्या झाल्या होत्या. त्या दिवशी मी ठेवलेल्या डब्यातली साखर सांडली होती.

आंटींना बारीक मुंगी दिसत नाही. अंगठा दुखतो. मी चहा बाजूला ठेवला आणि त्यांच्या शेजारी बसून वेचायला लागले.

"डबा इथे ठेवायचा नाय," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "एवढं तरी कळायला हवं."

"हो, आंटी."

बाळाच्या मुठीत एक अडकली होती. ती निघेना.